तिसऱ्या पिशवीतली माती

“…आणि तिसरा नमुना वगळून टाकू ना, सर?”

हेरंबने हे दुसऱ्यांदा विचारलं.

मुकादम सर शिशाच्या जाड झाकणावरची धूळ फडक्याने पुसत होते. ते पुसतच राहिले. मग म्हणाले, “का वगळायचा?”

“बिघडलाय.”

“माती बिघडते?”

“राख मिसळलीय तीत.” हेरंबने कागद पुढे सरकवला. “बाकी दोन पिशव्यांत पोटॅशियम ऐंशीच्या आसपास. हिच्यात चारशे ऐंशी! एकाच आवारातली माती, सर. सहापट फरक येईलच कसा? चूल झाडून राख टाकतात, तिथलीच उचलून आणली असणार. असा आकडा अहवालात गेला तर लोक हसतील.”

“कोण लोक?”

लोक म्हणजे कोण, हे हेरंबलाही नेमकं ठाऊक नव्हतं.

कोकणातल्या एका कॉलेजच्या तळघरात ही प्रयोगशाळा होती. मातीत मुळातच थोडा किरणोत्सार असतो. अगदी मंद, पृथ्वी जन्मली तेव्हापासूनचा. तो इथे मोजायचे. माती वाळवायची, चाळायची, डब्यात भरून डबा हवाबंद करायचा. मग महिनाभर हात लावायचा नाही, कारण मातीतून सुटणारा वायू डब्यात साठून स्थिर व्हायला तेवढा काळ लागतो. त्यानंतर तो डबा शिशाच्या पेटीत ठेवायचा आणि दिवस-दिवस मोजत बसायचं. किलोभर मातीत सेकंदाला किती अणू फुटतात, तो आकडा कागदावर मांडायचा.

हसन मुकादम यांनी छत्तीस वर्षं हेच केलं होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी रोज साडेनऊला ते जिना उतरून खाली येत. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा.

हेरंब दाबके नाशिकहून इथे संशोधनाला आला त्याला दोन वर्षं झाली होती. पोरगा हुशार. मोजणीचा वेळ निम्म्यावर कसा आणावा, यावरचा त्याचा शोधनिबंध बाहेरच्या देशात छापून आला होता. सरांवर त्याचा जीव होता. पण मनातल्या मनात तो त्यांना जुन्या काळातलं माणूस समजायचा. मायेने समजायचा, पण समजायचा.

“अर्ज काढ बघू,” सर म्हणाले.

हेरंबने फाइलीतून अर्ज काढला. बाबल मेस्त्री, वय सदुसष्ट, धंदा गवंडीकाम. पिशव्या तीन.

“कुठून घेतली माती?”

“पहिली माजघरातली, भिंतीचा चिरा आणि जमीन उकरून. दुसरी अंगणातली. तिसरी… आवार.”

“‘आवार’ असं ते म्हणाले?”

“नाही. तिसऱ्या पिशवीचं विचारलं तेव्हा गप्पच बसले ते. आपण विचारावं आणि समोरच्याने गप्प बसावं… किती वेळ थांबणार? मीच लिहिलं.”

“हं…”

“सर, बाहेर आणखी चौघे उभे होते.”

“मातीसाठी महिना थांबलास,” सर म्हणाले. आवाजात रागाचा लवलेश नव्हता. “बरं, असू दे. मेस्त्री आज यायचे आहेत ना?”

“अकराच्या गाडीने.”

“मग वगळायचं की ठेवायचं, त्यांनाच विचार.”

हेरंबला हसू आलं. मोजणीतला कुठला आकडा ठेवायचा ते गवंड्याला विचारायचं! पण सर चष्मा काढून पुसत होते, म्हणजे त्यांच्या लेखी बोलणं संपलं होतं.

बाबल मेस्त्री सव्वाअकराला आले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांनी चपला काढल्या.

“चपला असू देत, मेस्त्री,” सर म्हणाले.

“नको, सायबानु.”

उंच, वाळका माणूस. बोटांच्या पेरांत चिऱ्याच्या दगडाचा तांबडा रंग कायमचा मुरलेला. धुवट सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं, तिथे सेफ्टी पिन लावली होती. ती कुणी दुसऱ्याने लावलेली नव्हती, हे तिच्या वाकडेपणावरून कळत होतं.

ते बाकाच्या अगदी कडेला टेकले.

हेरंबला ही घटका आवडायची. घाबरून आलेल्या माणसाला चांगली बातमी द्यायची, आणि त्याचा चेहरा उजळताना बघायचा. त्याने खुर्ची पुढे ओढली.

“काका, आनंदाची गोष्ट आहे. तुमच्या घरात काही नाही, अंगणात काही नाही. कोकणात कुठेही खणलं तरी जेवढं सापडेल तेवढंच आहे. खुशाल निर्धास्त राहा.”

बाबल मेस्त्री पुढे वाकले.

“कायच नाय?”

“काही नाही.”

“घरात पण नाय?”

“घरात तर मुळीच नाही.”

मेस्त्रींचा चेहरा उजळला नाही. उलट, आतून कुणीतरी आधाराचा वासा काढून घ्यावा तसे ते बसल्या जागी खचले.

“मग…” ते म्हणाले, “मग ती गेली कशान?”

…

हेरंबने सरांकडे पाहिलं. सर मेस्त्रींकडे बघत होते.

“कोण गेलं, मेस्त्री?” सरांनी विचारलं.

“शेवंती. माजी बायल.” मेस्त्रींनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. “मार्गशीर्षात गेली. पोटात गाठ झाली. आठ महिन्यांत माणूस होत्याचा नव्हता झाला. दारू नाय, तंबाखू नाय. सुपारीचां खांड कधी तोंडात टाकूक नाय तिना.”

त्यांनी पंचा पुन्हा खांद्यावर टाकला.

“भाचो मुंबयसून इलो होतो, बाराव्याक. तो मोबायलात बघून म्हणालो, मामा, ह्या तांबड्या चिऱ्यांतसून किरणां निघतत. त्याच्यानच असा होता. घर मियां बांधलंय, सायबानु. चिरो न् चिरो माज्या हातान तासलेलो. लग्नाच्या वर्साक बांधलंय. चाळीस वर्सां ती त्या घरात निजली…”

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

“माका वाटलां, मियां बांधलेल्या घरानच तिका खाल्ल्यान.”

आता कुठे हेरंबला उमगलं. हा माणूस किरणांना भिऊन आलाच नव्हता. महिन्यापूर्वी तीन पिशव्या उराशी धरून तो दारात उभा होता, तो स्वतःचा गुन्हा नावावर लागतो का ते बघायला. आणि आपण त्याला पाच मिनिटं दिली होती. हातातला निर्धास्तपणाचा कागद त्याने हळूच उलटा ठेवला.

“हेरंब,” सर म्हणाले, “घराच्या मातीचा आकडा सांग त्यांना. आकडाच सांग.”

“रेडियम बावीस. थोरियम एकतीस. पोटॅशियम ऐंशी.”

“यात मेस्त्रींना काय कळणार, असं तुला वाटतंय.”

“…हो.”

सर उठले. कपाटातून त्यांनी मुठीत मावेल एवढं एक यंत्र काढलं आणि बटण दाबून ते मेस्त्रींच्या हातात दिलं. यंत्र वाजू लागलं. टक… टक टक… मग बराच वेळ काही नाही… टक.

मेस्त्री दचकले. “हयसर पण वाजता?”

“इथेही वाजतं.”

“हय किरणां आसत?”

“आहेत. भिंतीत आहेत, जमिनीत आहेत, वरून आभाळातूनही येतात. मशिदीत वाजतं, देवळात वाजतं. माझ्या घरी न्याल तर माझ्या बिछान्यावरही वाजेल. तुमचं घर याहून जास्त वाजत नाही. बारीक मोजलं आम्ही, महिना थांबून मोजलं. मेस्त्री, तुमच्या घराने काही केलेलं नाही.”

मेस्त्रींनी यंत्र कानाजवळ नेलं. बराच वेळ ते ऐकत राहिले. घरातल्या जुन्या घड्याळाच्या टिकटिकीकडे लागावं तसं त्यांचं लक्ष त्या आवाजात लागलं होतं.

“घरान नाय केला,” ते स्वतःशीच म्हणाले.

“नाही.”

“मियां नाय केलंय.”

“नाही.”

“मग कशान गेली ती?”

हेरंबच्या ओठांवर चार उत्तरं आली. पेशी, वय, आनुवंशिकता, संभाव्यता. चारही बरोबर होती.

“मला माहीत नाही,” सर म्हणाले.

…

मेस्त्रींनी मान वर केली. सरांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“डाक्टर पण असा म्हणालो नाय कधी,” ते म्हणाले. “सगळे कायतरी सांगत. प्रत्येकाचां वेगळां.” आणि त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की समोरचा कागद हलला.

सरांनी यंत्र बंद केलं. खोलीत आता नुसती पंख्याची घरघर उरली.

हेरंबला वाटलं, आता माणूस उठेल. पण मेस्त्री उठेनात. पंच्याच्या टोकाला गाठ मारत होते, सोडत होते.

“आणि तिसरी?” त्यांनी विचारलं.

“तिसरी आम्ही धरली नाही, काका,” हेरंब शक्य तेवढ्या मऊपणे म्हणाला. “तुमची काही चूक नाही. त्या मातीत चुलीतली राख मिसळली होती, त्यामुळे…”

“चुलीतली नाय ती, झिला.”

मेस्त्रींनी हातातली गाठ सोडली.

“माडांच्या पलीकडे आमची जागा आसा,” मेस्त्री म्हणाले. “थंय तिका अग्नी दिलो. माती भरूक गेलंय तेव्हा वाटलां… तिची पण घेवया मूठभर. तिच्या आंगात घरातलां काय गेला असात, तर थंय सापडात. तू इचारलंस, तेव्हा माका सांगूक जमाक नाय.”

हेरंबला आपले हात कुठे ठेवावे ते कळेना. ती माती त्याने वाळवली होती. चाळणीने चाळली होती. वर राहिलेले काळे खडे त्याने केराच्या टोपलीत टाकले होते. डब्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात ‘तीन’ लिहिलं होतं, आणि आकडा पाहून तो वैतागला होता.

त्याने सरांकडे पाहिलं, सरांनी काहीतरी बोलावं म्हणून. सरांनी नुसती मान मेस्त्रींच्या दिशेने हलवली.

“काका,” हेरंब म्हणाला. “त्या मातीत वाईट असं काही नाही. रेडियम, थोरियम अंगणातल्याइतकंच. फक्त पोटॅशियम जास्त आहे. चारशे ऐंशी.”

“तां काय असता?”

“मिठासारखा एक पदार्थ. केळ्यात असतो, शहाळ्याच्या पाण्यात असतो. झाडांना लागतो. लाकडात असतो… माणसातही. प्रत्येक माणसात. तुमच्यात, माझ्यात. त्याच्यावाचून काळीज चालत नाही.”

“तिच्यात पण होता?”

“होतं.”

“लग्न होवन् आमच्याकडे इली तेव्हा पण?”

“हो. आणि सगळ्या माणसांच्या अंगात त्याचे अणू फुटत असतात, अगदी गुपचूप. सेकंदाला चार हजारांहून जास्त. त्रास काही होत नाही त्याचा.”

मेस्त्री ऐकत होते. तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

“आणि आता तां मातीत आसा?”

इथे हेरंब अडखळला. हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण खोटं सांगवेना.

“त्यातलं बहुतेक लाकडातलं आहे, काका. सरणाच्या.”

“आंब्याचां लाकूड,” मेस्त्री म्हणाले. “त्या झाडाचो बाटो तिनाच पुरलेलो.”

“…थोडं तिचं असणार.”

“किती?”

हेरंबने कागदाकडे पाहिलं. त्या कागदावर सगळं होतं. डब्याचं वजन, मोजणीचे सेकंद, रिकाम्या डब्याची वजावट, दशांशानंतरची दोन स्थळं, अधिक-उणे चूक. त्याने कागदाकडे पुन्हा पाहिलं.

“ते सांगता येत नाही,” तो म्हणाला. “लाकडाचं कुठलं आणि त्यांचं कुठलं… ते वेगळं काढता येत नाही.”

मेस्त्रींनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा.

“नको,” ते म्हणाले. “नको काढू वेगळां.”

आणि मग ते रडले. मोठ्याने नाही. चिऱ्याच्या भिंतीतून पाणी झिरपावं तसं. मुकादम सर उठले आणि त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसले, खांद्याला खांदा लागेल असे. हात धरला नाही, पाठीवरून फिरवला नाही. नुसते बसले. हेरंब उभाच होता. थोड्या वेळाने तोही समोर जमिनीवर बसला.

कितीतरी वेळाने मेस्त्रींनी पंच्याने डोळे पुसले.

“ती तिसरी माती,” ते म्हणाले, “माका परत व्हयी.”

मोजलेला नमुना वर्षभर जपून ठेवावा लागतो. शंका निघाली तर पुन्हा मोजता यावा म्हणून. हेरंबच्या जिभेवर ते आलंही होतं. तो उठला आणि कपाटातून डबा घेऊन आला.

झाकणाभोवतीची चिकटपट्टी निघता निघेना. ती हवासुद्धा सुटू नये म्हणूनच लावलेली होती. त्याने नखांनी ओरबाडली, पेचकस लावला. झाकण उघडलं. आत करडी-तांबडी, पिठासारखी बारीक माती होती.

मेस्त्रींनी खिशातून एक फडकं काढून पसरलं. जुन्या लुगड्याचं, जांभळ्या काठाचं. हेरंबने डबा उपडा केला. तळाशी थोडी चिकटून राहिली होती. ती त्याने बोटांनी खरवडली, कडेकपारीतून काढली. मग केराच्या टोपलीपाशी गेला. खाली वाकून, कागदाच्या बोळ्यांमधून तो काहीतरी शोधू लागला.

टोपली रोज रिकामी होते, हे त्याला माहीत होतं. तरी तो शोधत होता.

“असू दे,” मेस्त्री म्हणाले. “ऱ्हवली ती ऱ्हवांदे हयसर. ह्या पण घरच.”

त्यांनी फडक्याची गाठ बांधली आणि गाठोडं दोन्ही हातांत घेतलं. सरांना नमस्कार करायला हात मोकळे नव्हते, म्हणून मान लववली. सरांनी छातीवर हात ठेवला.

“मियां स्टँडावर सोडतो तुम्हाला,” हेरंब म्हणाला. नाशिकच्या तोंडात कुठून तो ‘मियां’ आला, कोण जाणे. मेस्त्री किंचित हसले. जिन्यावर हेरंबने वाकून त्यांच्या चपला त्यांच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.

बाहेर फाल्गुनातलं ऊन चढलं होतं. दोघं रस्त्याच्या कडेने सावली धरून चालले. अर्ध्या वाटेत मेस्त्रींनी न बोलता गाठोडं त्याच्याकडे दिलं आणि पंचा नीट डोक्याला गुंडाळला. परत मागितलं नाही. हेरंबने ते स्टँडपर्यंत दोन्ही हातांनी धरलं. वजन फार नव्हतं. सकाळीच त्याने अहवालात लिहिलं होतं, तीनशे चाळीस ग्रॅम.

गाडी उशिरा आली. मेस्त्री खिडकीशी बसले, गाठोडं मांडीवर घेतलं. गाडी हलली तेव्हा म्हणाले, “घराक ये रे एकदा. थंडगार आसा घर माजां. उन्हाळ्यात बरां वाटता.”

“येईन,” हेरंब म्हणाला. आणि येणार होताच.

तो परत आला तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. सरांचा डबा न उघडलेला तसाच होता. अहवालाचा कागद टेबलावर होता. तिसऱ्या नमुन्यासमोरचा ‘आवार’ हा शब्द कुणी खोडला नव्हता. तिथे पेन मात्र उघडं करून ठेवलेलं होतं.

हेरंब बसला. ‘आवार’ खोडलं. काय लिहावं, यावर बराच वेळ गेला. मग त्याने लिहिलं, ‘शेवंती मेस्त्री यांची जागा’. पुढे आकडा लिहिला, चारशे ऐंशी. वगळला नाही.

“सर,” तो म्हणाला, “मी त्या दिवशी थांबलो असतो, तर…”

“हं.”

“पण मला कळलं असतं का?”

जेवणाच्या डब्याचं झाकण काढून सरांनी एक भाकरी त्याच्यासाठी वेगळी ठेवली.

हेरंब कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेला. नमुन्याला हात लागला की हात स्वच्छ धुवायचे, एका नमुन्याचा कण दुसऱ्यात जाऊ द्यायचा नाही, हा सरांनीच घालून दिलेला नियम. तळहाताच्या रेषांत, नखांच्या खाली ती करडी-तांबडी माती तशीच होती. त्याने नळ सोडला.

सर मागून आले. हात लांबवून त्यांनी नळ बंद केला.

“राहू दे,” ते म्हणाले. “इतक्यात नको धुऊस.”